मिमिक म्हणजे बहुरूपी

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मालेगावच्या आमच्या अंगणात आता बहुरूपी येत नाही, पण ‘मिमिक’ हा इंग्रजी शब्द मी तिथंच शिकले.

आधी माणसं सांगून टाकते. वडील इंग्रजीचे मास्तर. मोठी बहीण लग्नाची, मी धाकटी. आणि सुगीनंतर येणारा बहुरूपी. तो आठवडाभर रोज नवं सोंग घ्यायचा, मागायचा काही नाही; शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत येऊन सूपभर ज्वारी न्यायचा. सोंग ओळखलं की त्याच्यासमोर त्याचीच नक्कल करायची, ही आमच्या गल्लीची रीत. बहीण त्यात पटाईत.

त्या वर्षी बहुरूप्याच्या आठवड्यातच तिला बघायला धनजचे पाहुणे यायचे होते. मुलाचे वडील एक दिवस आधीच आले. बैलांची दमणी रस्त्यावर सोडून, पागोटं, काळा कोट, हातात छत्री, असे एकटेच अंगणात शिरले.

“मास्तर हायेत काय घरी?”

बहीण भांडी घासत होती. ती हसतच उठली. “कालच्या जमादारापेक्षा आजचं सोंग लय जमलं! मिशी तं खरीच वाटून राह्यली!” तिनं छत्रीसारखी केरसुणी धरली, एक खांदा उचलला आणि त्यांच्याच घोगऱ्या आवाजात “मास्तर हायेत काय घरी?” म्हणत अंगणभर फिरली.

वडील बाहेर आले आणि थिजलेच. “अवं पोरी, हे धनजचे पाहुणे!”

केरसुणी गळून पडली. सोयरीक मोडली, हे मलाही कळलं.

पाहुणे बाजेवर बसले. मिशीवरून हात फिरवत राहिले. “मास्तर, याले इंग्रजीत काय म्हनतात?”

“मिमिक,” वडील कसेबसे म्हणाले. मग सवयीनं सांगत गेले. मूळ शब्द ग्रीक, मिमॉस. लोकांच्या नकला करणारा नट. तिथून लॅटिनमध्ये, मग इंग्रजीत.

“म्हंजे आपला बहुरूपीच की!” पाहुणे बहिणीकडे वळले. “पोरी, मी खरंच असा वाकडा चालतो?”

“हो जी.” तिची मान खालीच होती.

“घरचे भेतात मले, कोनी सांगतच नाही. दाखव पुन्हा.”

तिनं भीत भीत दाखवलं. पागोटं सरकेपर्यंत ते हसले.

रात्री ते मुक्कामाला राहिले. सकाळी बहुरूपी साध्या कपड्यांत आला. आईच्या हातातलं सूप पाहुण्यांनी घेतलं आणि त्याच्या झोळीत रितं केलं.

“काल तू आलाच नाही,” ते म्हणाले, “तरी घे. तुह्यं काम माह्या सुनेनं केलं.”