खासदारांकडचं जेवण

बालीगंजमधले आमचे शेजारी नुकतेच खासदार झाले, तरी मासे अजून स्वतःच आणतात आणि कल्ला उघडून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. कुणी तक्रार घेऊन आलं की ते ‘बघतो’ म्हणत नाहीत. ‘जेवायला कुणाला बोलावू तेवढं सांगा, मोशाय!’ म्हणतात.

मागच्या वस्तीतला नळ कोरडा पडला, तेव्हा त्यांनी पाणीखात्याच्या साहेबांना बोलावलं. पंगतीला मीही होतो, हिलशाच्या काट्यांशी झगडत. साहेबांनी मात्र मोहरीच्या वाटणातला तो मासा बोटं चाटत फस्त केला आणि हात धुवायला उठले.

“घरात थेंब नाही हो,” खासदार अगदी गोड आवाजात म्हणाले. “सगळं पाणी सकाळी वस्तीत वाटलं. तिथला नळ सुरू झाला की धुऊ.” आणि आपलाही माखलेला हात वर धरून निवांत बसून राहिले.

साहेबांनी डाव्या हातानं फोन फिरवला. संध्याकाळी वस्तीत पाणी आलं.

काल त्यांनी मला रविवारचं जेवायचं आमंत्रण दिलं. मी पोस्टात अधिकारी आहे, आणि वस्तीतली टपालपेटी कधीची मोडून पडली आहे. रविवारच्या आत ती बदललेली बरी.