चतुराबाईचा पाय

चतुराबाई आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आली आणि जन्मभराचं काम सोबत घेऊनच आली. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे वाटूरच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोतं उचलताना पाठ धरली, मोळी उतरवताना बरगडीत लचक भरली, की माणूस सकाळी तिच्या दारात हजर. ती पदर सावरून दुखऱ्या जागी हलकेच पाय लावायची. पैसे घ्यायचे नाहीत हा रिवाज, पण नुसतं उठून कोणी जात नसे. चहा व्हायचा, लेकीबाळींच्या गोष्टी निघायच्या. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, तरी तिचं दार कधी ओस पडलं नाही. गावाच्या पाठी दुखत होत्या म्हणून चतुराबाईला माणसं होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. अख्खं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. एका सकाळी शेजारचा पुंजाराम छाती दाबत तिच्या दारात आला. मागोमाग त्याची बायको झुंबरबाई.

“वैनी, पहाटपासून पाठीत कळ मारून राह्यली. छाती भी भरून आली. खडीनं उसण भरली, दुसरं काय? जरा पाय लावा.”

त्याचं अंग घामानं भिजलं होतं. खडी फोडणाऱ्याच्या घामाचं कोणाला नवल? तिनं त्याला ओणवं केलं आणि पाय लावला.

“उतरून राह्यलं का?”

“उतरंल की,” म्हणत पुंजाराम उठून बसला आणि बोलता बोलता कोसळला. श्वास नाही, हालचाल नाही. झुंबरबाईनं हंबरडा फोडला. चतुराबाई आपल्या पायाकडे बघत उभी राहिली.

कोणीतरी बोलावून आणलेला डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ एवढंच बोलून निघून गेला. गावाला तो शब्द नवा, म्हणून गावानं आपलं शहाणपण वापरलं. माणूस चालत आला, बोलत होता, हिनं पाय लावला आणि गेला. मंग कशानं गेला? आता अशा हिशेबापुढे कोणी काय बोलावं!

तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. नुसतं यायचं बंद झालं. उसण भरलेली माणसं कण्हत कुथत आष्टीच्या पायाळू बाईकडे जाऊ लागली. झुंबरबाई आडावर ती दिसली की घागर घेऊन मागे फिरायची. सकाळी आधण ठेवताना चतुराबाईचा हात सवयीनं दोन कप पाणी जास्त ओतायचा आणि तोच चहा ती दुपारी गरम करून प्यायची. वाईट हे की गावाचं म्हणणं सगळ्यात जास्त तिलाच पटलं होतं. वासराला चुकून पाय लागला, तर दिवसभर ती त्याच्याकडे बघत बसे.

पुढं काही वर्षांनी त्याच पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय पिकला. ती मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तरुण डॉक्टरनं पाय हातात घेतला, तशी ती म्हणाली, “जपून साहेब. ह्या पायानं माणूस मेलेला हाय.”

तो हसला नाही. सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, विहिरीवरचं इंजन पाहिलंय ना? पाटात ढेकूळ अडकलं की पुढचा वाफा वाळायला लागतो, पण इंजन चालूच असतं. हार्ट अटॅक म्हणजे ते. हृदयाच्याच एका भागाला रक्त पोचत नाही. माणूस कळवळतो, घामाघूम होतो, डावा हात दुखतो, मळमळतं. पण तो बोलतो, चालतो. पुंजाराम पहाटेपासून त्यातच होता. आणि इंजनच गचका खाऊन बंद पडलं, तर ते वेगळं. त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हृदय थांबतं, माणूस जागीच कोसळतो. कधी काही कारण दिसत नाही, कधी पहिल्यातूनच दुसरं होतं. त्याचं तसं झालं. तुमच्या पायाचा काही संबंध नाही.”

चतुराबाई तिथंच रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, “पहाटंच हितं आणला असता तर?”

डॉक्टर पट्टी बांधत म्हणाला, “वाचलाच असता असं नाही. पण वेळ होता. इंजन बंद पडल्यावर वेळ नसतो. तेव्हा तिथल्या तिथं छाती दाबत राहायची असते, पण ते तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.”

पाय दोषातून सुटला, पण तो वेळ तिच्याच दारात गेला होता. घरी येऊन हे सांगायचं तरी कोणाला?

एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत झुंबरबाई तिच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांनी. चेहरा पांढराफटक.

“आष्टीला जायाची ताकद न्हाई. झालं गेलं मी इसरले. पाठ धरली बघ, लाव पाय.”

याच शब्दांसाठी चतुराबाई तळमळली होती. पाय उचलला की दार पुन्हा माणसांनी भरणार होतं. तिनं झुंबरबाईच्या कपाळाला हात लावला. गार घाम.

“डावा हात दुखतो का?”

“जड पडलाय. मळमळून भी राह्यलं.”

“मी पाय लावत न्हाई.”

“अजून राग धरून राह्यलीस?”

“धरला म्हण! उसण न्हाई ही.” तिनं शेजारच्या कारभारी नावाच्या पोराला हाक मारली, “जल्दी गाडी जुंप, बिलकुल थांबू नको!”

वाटूर फाट्यापर्यंत झुंबरबाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पुढं जालन्याला जाणारा ट्रक मिळाला. तिथले डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅकच आहे, वेळेत आणलंत. झुंबरबाई वाचली.

घरी आल्यावर ती भेटेल त्याला सांगू लागली, “चतुरानं पाय लावला न्हाई, म्हणून वाचले बाई!” गावाला एवढंच हवं होतं. लावला तो मेला, नाही लावला ती जगली. आणखी पुरावा कशाला? चतुराबाईनं इंजन सांगितलं, पाट सांगितला, वाफा सांगितला. लोकांनी माना डोलावल्या आणि पाठ धरली की आष्टीची वाट धरली.

झुंबरबाई मात्र रोज चहाला येऊ लागली. दोन कपांतला एक तरी आता गरम असताना प्यायला जायचा. पण ओट्यावर बसताना ती चतुराबाईच्या पायापासून हातभर लांब बसायची. चतुराबाई पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची आणि कप पुढं करायची.