राजपालचा निळा पंप

राजपाल थ्रेशरच्या तोंडाशी उभा राहायचा. सोयाबीनची गंजी पोटात लोटण्यात किन्हीराजाच्या शिवारात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दमा लहानपणापासूनचा. यंत्र सुरू व्हायच्या आधी तो खिशातला निळा पंप तोंडाला लावून दोनदा दाबायचा.

"राजपालभाऊ, डिझेल टाकलं का?" मुन्ना ट्रॅक्टरवरून ओरडायचा.

"फुल टँक! तू तुयं पाय."

टोळी हसायची. टोळीतच काम करणारी त्याची बायको सुकेशनी हसायची नाही.

वाशिमच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. नारिंगी रोज दोन वेळा, त्रास असो नसो. निळा फक्त दम लागला तर. निळ्यानं श्वासाच्या नळ्या घडीभर उघडतात, पण आतली सूज वाढतच राहते, असं त्यांनी बजावलं होतं. राजपालनं नारिंगी आठ दिवसांत सोडला.

"घेत काहून नाई तुमी तो?"

"दाबला त काईच समजत नाई. निळा पाय, लगेच छाती मोकळी. मंग खरं औषध कोन्तं?"

आधी निळा पंप दोन महिने पुरायचा. मग महिनाभर. यंदाच्या हंगामात बारा दिवसांत संपला. त्याचे हात थरथरायचे, छाती धडधडायची. मशीनचे हादरे बसतात, म्हणायचा.

सुकेशनीनं एकदा पंप पिठाच्या डब्यात लपवला. तासाभरात त्याचे ओठ काळसर पडले. तिनंच धावत जाऊन तो काढून आणला. त्या दिवसापासून ती या विषयावर बोलली नाही.

दिवाळीच्या तोंडावर रामरावांच्या वावरात भर दुपारी त्यानं हात वर करून यंत्र थांबवलं. पंप दाबला. पुन्हा दाबला. दहा झाले, पंधरा झाले, दम काही उतरेना. खाली बसला, मग त्याला उठता येईना. मुन्नानं रस्त्यावरची जीप थांबवली.

मालेगावच्या दवाखान्याच्या वाटेवर राजपाल सुकेशनीच्या खांद्याला टेकून होता. एकेका शब्दाला त्याला थांबावं लागत होतं.

"सुके... हा... खाली हाय का?"

तिनं पंप कानाजवळ हलवला. रिकामा नव्हता; कालच आणलेला, भरलेला होता.

"हो, खाली हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात दुसरा भेटते."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं असावं. दवाखाना यायच्या आतच त्याची छाती हलायची थांबली.