दोन वाजताची डावी कूस

लिंबू-मिरची, उतारा, अमावस्या... या सगळ्याला मी कायम हसत आले. सात वर्षं लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसांची सेवा करतेय. माझ्या डोळ्यांदेखत किती जण गेले, पण परत आलेलं कुणी दिसलं नाही बाई! तेव्हा मला घाबरट समजू नका. आत्ताही लिहिताना अंगावर काटा येतोय, पण तो भीतीचा नाही – आनंदाचाच असावा.

मी वंदना, मूळची बीडची, राहते पुण्यात दापोडीला. गेल्या वर्षी तिथूनच जवळ मोशीत एका घरी दिवसाची ड्युटी लागली, ती अजून चालू आहे. पेशंट म्हणजे अण्णा. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, बोलणं अडखळत, पण डोकं एकदम शाबूत! सून सविता चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला. ती येईपर्यंत घरात आम्ही दोघंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. बदलली की वहीत वेळ लिहायची. वळवताना मी मोठ्यानं मोजते, "अण्णा, एक... दोन... तीन!" तीनला ते "हुप्प!" करायचे. आमचा रोजचा खेळ.

आता कबुली देते. आम्ही बायका कधीकधी वही आधीच भरून ठेवतो. त्या दिवशी मीही भरली – 'दुपारी २, डावी कूस.' तेव्हा वाजला होता एक, आणि अण्णा उताणे होते. डायपर संपलेले. म्हटलं, पंधरा मिनिटांत येते. बाहेरून कुलूप लावलं आणि निघाले. कोपऱ्यावरचं मेडिकल बंद, म्हणून हायवेपर्यंत गेले... येताना रस्त्यात कंटेनर आडवा! रिक्षा हलेना. शेवटी पिशवी छातीशी धरून पळत सुटले. पोचले तेव्हा दोन वीस.

कुलूप जसंच्या तसं. आत बघते तर काय – अण्णा डाव्या कुशीवर! पाठीशी लोड, गुडघ्यांच्या मधे उशी, अगदी माझी पद्धत. उलटी झाली होती, पण सगळी बाहेर चादरीवर. श्वास व्यवस्थित चाललेला! डॉक्टरांना बोलावलं. ते तपासून म्हणाले, "उताणे असते तर गुदमरले असते. वेळेवर वळवलंत म्हणून वाचले."

सविता कंपनीतून धावत आली. तिनं वही बघितली आणि माझे हात धरले. "ताई, तुमी व्हता म्हणून आमचे अण्णा हायेत."

मला ते सहनच होईना. सगळं सांगून टाकलं, वहीचंही आणि कुलपाचंही.

ती लालबुंद झाली. "एकट्याला सोडून गेला? फिरून असं केलंत तर दारात उभं करायची न्हाई!"

मी मान खाली घातली. माझं चुकलंच होतं. मग तिचं तिलाच सुचलं, "आन मंग... वळवलं कुणी?"

एक चावी माझ्या पर्समध्ये, दुसरी तिच्याकडे चाकणला. मागच्या दाराला आतून कडी. आणि अण्णांना तर आपलं आपण हलताही येत नाही. आम्ही दोघी त्यांच्यापाशी गेलो.

"अण्णा, दुपारी तुमाला कुणी वळवलं?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. "हिनंच की."

"नीट आठवा, अण्णा," मी म्हटलं.

"व्हय, हिनंच. पर..." अण्णा रुसल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "आज मोजलं न्हाईस, पोरी."

कितीतरी जणींना विचारलं, डॉक्टरांनाही विचारलं. कुणाला काही सांगता आलं नाही, मलाही अजून उलगडलेलं नाही. पण माणूस वाचला, राव!

तेव्हापासून मी आधी कूस बदलते, मगच वहीत लिहिते. आणि मोजते मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं... म्हणजे अण्णांना कळेल, की ही मीच आहे.