फिकट निळी सही

शाईची बाटली बंद करताना शंकासुर तिच्या लेबलवर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढायचा. शाई किती उरली, त्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरायचा आणि शाई रेघेच्या खाली गेलेली दिसली, की वर्गातल्या आम्हा बाराजणांकडे एकेक करून बघायचा. मे महिन्यात एकदा सरांनी त्याला समजावलं, "अरे, उकाड्यानं उडून जाते शाई." त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग झाकण कोणी सैल केलं?"

त्याचं खरं नाव दत्ताराम. शंकासुर हे नाव कोणी ठेवलं याचा त्यानं महिनाभर तपास केला होता. ते मी ठेवलं होतं, पण तपासात माझ्यापर्यंत तो पोचला नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अंधेरीला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकवणारा आमचा वर्ग भरायचा. शिकवणारे सर पूर्वी छपाईचे ब्लॉक बनवायच्या कारखान्यात होते. दर दोन महिन्यांनी ते माध्यम बदलायचे. पेन्सिल झाली की शाई, शाई झाली की जलरंग, मग पोस्टर कलर. शंकासुर भांडुपहून यायचा, मी घाटकोपरची. घाटकोपर ते अंधेरी आमची बस एकच, त्यामुळे मैत्री झाली. झाली असं मला वाटायचं. त्याला काय वाटायचं ते विचारायची सोय नव्हती.

माध्यम बदललं की त्याच्या संशयाचा रोख बदलायचा. जलरंगावर त्याचा सगळ्यात जास्त राग. "ओला कागद आपल्या मनाचं करतो," असं म्हणून तो रंगाचा एक हात द्यायचा आणि तो पुरता वाळेपर्यंत हाताची घडी घालून कागदावर पहारा करत बसायचा. नवीन रंग आणला की त्याचा पट्टा कागदावर ओढून, अर्धा काळ्या कागदानं झाकून खिडकीत टांगायचा. महिन्यानं झाकलेला आणि उघडा भाग ताडून बघायचा. तोवर आमचं ते माध्यम संपत आलेलं असायचं. शाईत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो रेघा मारायचा नाही, नुसते ठिपके द्यायचा. हजारो ठिपक्यांतून दगड, पाणी, माणसाचा गाल उभा करायचा. "रेघ सुटली की सुटली. ठिपका कसा, एकेकाला जाब विचारता येतो," तो म्हणायचा.

एकदा सर आम्हाला वर्सोव्याला घेऊन गेले. होड्या, वाळत घातलेले बोंबील, जाळी काढायची होती. शंकासुर एका कोळणीसमोर बसला. तिनं दोन मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय रं, आमचं चित्र कनाला कारतंस?" आम्ही हसू दाबलं. तो मात्र गंभीरपणे उठला, वही मिटली आणि म्हणाला, "बरोबर विचारलंत, मावशी. असं कोणालाही काढू देत जाऊ नका." परतीच्या वाटेवर तो पहिल्यांदाच कोणाचं तरी कौतुक करत होता. बाई हुशार आहे, असं तीनदा म्हणाला.

माझं कौतुक त्यानं कधी सरळ केलं नाही. मी पोस्टर कलरमध्ये केळीवाला काढला होता, सरांनी तो भिंतीवर लावला. शंकासुर जवळ जाऊन बघून आला आणि म्हणाला, "कोणाचं बघून काढलंस?" मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पुढे लक्षात आलं, वाईट चित्रांना तो हा प्रश्न कधीच विचारत नाही.

त्याच्या घरी मी एकदाच गेले, भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत. दारातच आईनं मला न्याहाळलं. "ह्यां चेडू खंयचां?"

"घाटकोपरचां. आमच्या वर्गातलां," तो म्हणाला.

"वर्गातलां तर वर्गात ऱ्हवांदे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. गुण कुठून आले ते कळलं. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांची गिरणी बंद पडली होती. त्यांच्या मेव्हण्यानं दत्तारामसाठी जवळच्या कारखान्यात हेल्परची जागा बघून ठेवली होती. वडील मलाच म्हणाले, "दिवाळीपर्यंत चित्रांचं काय काम मिळालं तर बघू. नाहीतर कारखान्यात जाईल." शंकासुर खाली बघत होता. त्या दिवशी त्यानं कोणावर संशय घेतला नाही.

आणि काम चालून आलं. मुलुंडला एक बाई मुलांचं मासिक काढायच्या. त्यांनी सरांना निरोप धाडला, की दोन चांगल्या मुलांचं एकेक चित्र पाठवा. जे आवडेल ते छापीन, आणि समुद्रावरची वर्षभराची गोष्ट येणार आहे तिची चित्रं त्याच मुलाकडून करून घेईन. सरांनी त्याचं आणि माझं नाव काढलं. काम मलाही हवं होतं. पण मला ते हवं होतं आणि त्याला त्याची गरज होती, हा फरक मला कळत होता.

त्याआधी आठवडाभर तो आजीच्या आजारपणासाठी गावी गेला होता. तेव्हाच सरांनी कॅमेऱ्याबद्दल शिकवलं. ब्लॉक करताना चित्राचा फोटो काढतात, त्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नाही. म्हणून कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीनं करावं, खोडत बसावं लागत नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं. तो आल्यावर वही पुढे केली, तर म्हणाला, "नको. तू मुद्दाम एखादं वाक्य गाळलं असशील." मला ते फार लागलं.

नमुना म्हणून त्यानं वर्सोव्याची होडी काढली होती, सगळी ठिपक्यांची. तसं काम मी आजवर पुन्हा पाहिलेलं नाही. शेवटी त्यानं फिकट निळी पेन्सिल घेतली आणि होडीच्या कडेला आपलं नाव लिहिलं.

"सही कोपऱ्यात करतात," मी म्हटलं.

"म्हणजे चोराचं काम सोपं. कोपरा कापला की झालं. ही कोणाला सापडणार नाही."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. छापून येऊ दे, नाव दिसणार नाही, मग कळेल याला, असं मला वाटलं. एवढंच वाटलं असंही नाही. थोडी असूया होती. दोन्ही चित्रं एकाच पाकिटात घातली. अनोळखी माणसाला आपला पत्ता द्यायला तो तयार नव्हता, म्हणून पाकिटावर माझं नाव आणि पत्ता. मागे लिहिलं तर शाई उमटेल म्हणून कागदाच्या पाठीवरही त्यानं काही लिहिलं नाही. पाकीट मीच मुलुंडला नेलं; बाई नव्हत्या, म्हणून शिपायाकडे देऊन आले.

महिन्याभरानं बाईंचं पत्र माझ्या घरी आलं. चित्र फार आवडलं, वर्षभराचं काम तुम्हीच करायचं. आईनं पेढे आणले. तीन दिवसांनी अंक हातात पडला, तर पान भरून त्याची होडी आणि खाली माझं नाव. पाकिटावरचंच नाव त्यांनी दोन्ही चित्रांना धरलं होतं.

मी अंक घेऊन वर्गात गेले, तर त्याच्याही हातात तोच अंक. तो भिंग लावून होडीची कड बघत होता. वर न बघता म्हणाला, "कधी खोडलंस?"

"मी हात लावला नाही. चल मुलुंडला."

बाईंनी कपाटातून मूळ चित्र काढलं. खिडकीपाशी नेऊन त्यानं ते तिरकं धरलं. नाव जागच्या जागी होतं. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे बाळा, हे निळं कॅमेऱ्याला दिसत नाही. शिकवलं नाही का तुम्हाला?" पुढच्या अंकात चूक दुरुस्त करायचं त्यांनी कबूल केलं आणि गोष्टीचं काम त्याच्या हवाली केलं.

रस्त्यावर आल्यावर तो थांबला. "मी गावाला होतो तेव्हाचं तुझ्या वहीत हे होतं?"

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होती. "नाही," मी म्हटलं.

आता तो हात पुढे करील, वही मागेल, याची मी वाट बघत राहिले. खरं तर मागावी असंच वाटत होतं. तो म्हणाला, "बरं." मग बसच्या रांगेत उभं राहिल्यावर म्हणाला, "उगाच संशय घेतला तुझ्यावर. चुकलो." हा शब्द त्याच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता. घरी गेल्यावर मी वहीतलं ते पान फाडून टाकलं.

त्याचा कारखाना टळला. गोष्टीची बाराही चित्रं तो बाईंच्या आधी मला दाखवायचा, न झाकता. पुढे बोरिवलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले आणि त्याला हैदराबादला एका प्रकाशकाकडे नोकरी लागली. जायच्या आधी भांडुपलाच त्याचं लग्न झालं. मांडवात त्याच्या आईनं माझा हात धरला. "तुझ्यार मात्र तेचो इस्वास आसा गो," ती म्हणाली. त्यानं बायकोशी ओळख करून दिली, "ही सुनीता. हिच्या बाबतीत खात्री करून घ्यावी लागत नाही." त्याला खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी आहेराचं पाकीट दिलं आणि न जेवताच निघाले.

हैदराबादहून त्याची पत्रं येत राहिली, दिवाळीला, नवीन पुस्तक निघालं की. उत्तरं मीच हळूहळू बंद केली. का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. एवढा संशयी माणूस, आणि विश्वास टाकायला त्याला मीच सापडले.