बापाचा रांजण

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण पाणी आणि डास यांतलं मला कुणी शिकवू नये, अशी माझी घमेंड होती.

आमचं घर फैजपूरच्या रस्त्याला, केळीच्या बागांना लागून. ओट्याजवळ बापाने अर्धा जमिनीत पुरलेला रांजण. येणारा-जाणारा त्यातलं पाणी पिऊन पुढे जातो. रोज सकाळी मी वरून दोन घागरी ओतायचो. तळ दिसला तर घराची लाज, असं बाप सांगून गेला होता. मी तो कधी दिसू दिला नाही.

पूर्वी पौषात थंडीने केळीची पानं काळवंडायची, आणि डास कुठे जायचे कळत नसे. आता पौषातही दुपारी पंखा लागतो. त्या उन्हात एक डास तरंगत यायचा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच. खोटं कशाला सांगू, मला तो बघायला आवडायचा. डोळा लागता लागता वाटे, उन्हाचाच एखादा कण उडतोय.

सरकारतर्फे घरोघर तापाची चौकशी करत फिरणारी गावातली आशाताई आमच्या भावकीतली सून. एकदा तिने रांजणात बॅटरीचा उजेड पाडला.

"आबा, बघा अळ्या. हा डास आधी शहरातच असायचा. आता थंडी पडत नाही, म्हणून इथंही टिकतो. आठवड्यातून एकदा रांजण कोरडा करा, घासा."

"डास घाण पाण्यात होतात, पोरी. हे पाणी चोख आहे."

"त्याला चोखच लागतं, आबा. तुमच्यासारखाच नखरेल तो!"

दारात बायको हसली. ती धुळ्याकडची, माहेरची बोली तिने अजून सोडलेली नाही. "बठ्ठं पानी फेकी द्या ना," म्हणाली. सगळं फेकायचं म्हणजे तळ दिसणार; मी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांत तीच तापली. जळगावच्या दवाखान्यात डेंग्यूने रक्तातल्या पेशी उतरल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. मी खाटेजवळ सलाईनचे थेंब बघत बसलो. वाटायचं, एकेक थेंब आपल्या रांजणात पडतोय. मध्येच ती तापात पुटपुटली, "लोकस्ले पानी दिधं का?"

आमच्या घरच्या सुनेला तिच्याजवळ बसवून मी एसटीने घरी आलो. तांब्यातांब्याने रांजण उपसला. अर्धं अंग आत घालून काथ्याने घासला. तळाला हात लागला तेव्हा तो थंडगार होता, लहानपणीच्या पौषासारखा. तिथे किती वेळ ओणवा होतो, आठवत नाही.

आठव्या दिवशी ती घरी आली. आता रविवारी रांजण कोरडा असतो. पहिल्याच रविवारी एक केळीचा गाडीवाला थांबला, आत डोकावला.

"आबा, तुमचा रांजण रिकामा?"

तेवढ्यात भिंत धरत धरत ती बाहेर आली, हातात भरलेला तांब्या.

"घरमा पानी शे, भाऊ. बस."

तांब्या मी घेतला आणि त्याच्या ओंजळीत धार धरली.