विचारपुशीचा बाण

खाटवाले काका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण खरं नाव विचारलं असतं तर अर्धी गल्ली डोकं खाजवत बसली असती. त्यांचं दुकान आजारी माणसांच्या सामानाचं. वरखाली होणाऱ्या खाटा, व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या, सगळं भाड्यानं. ज्या दुकानाची पायरी वैऱ्यालाही चढावी लागू नये, तिथं लोक येऊन गप्पा छाटत बसायचे. सामान घरी पोचलं की इतर दुकानदारांचं काम संपतं, काकांचं तिथून सुरू व्हायचं. दुपारचं जेवण झालं की फोन घेऊन बसायचे आणि एकेका घरी विचारायचे, "आजोबा कसे आहेत? चार घास गेले का पोटात?" खाट परत कधी देणार, हे मात्र त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. त्या प्रश्नाचा अर्थ काय होतो, एवढी अक्कल खाट भाड्यानं देणाऱ्याला हवीच, असं ते म्हणत.

त्यांची मुलगी दुकानांसाठी कॉम्प्युटरची व्यवस्था आखून द्यायची. जगाची दुकानं मार्गी लावली आणि घरचं तसंच राहिलं, म्हणून एकदा तिनं बापाचंच दुकान हातात घेतलं.

"घे बाई," काका म्हणाले. "पण तुझं ते मशीन चहा विचारतं का गिऱ्हाइकाला?"

तिची पद्धत अशी, की आधी कागदावर चित्र काढायचं. माहिती कुठून येते, कुणाकडे जाते, तिथं तिचं काय होतं. गिऱ्हाईक चौकोनात, काम वर्तुळात आणि माहितीचा प्रवास बाणांनी. त्यात एक साधा नियम होता. वर्तुळात बाण शिरला, तर त्यातून काहीतरी बाहेर पडलंच पाहिजे. नाही पडलं, तर चित्र चुकलं.

काका सांगत गेले, ती काढत गेली. कुठूनही सुरुवात केली तरी बाण शेवटी एकाच वर्तुळात येऊन पडायचे. तिनं त्यात 'बाबा' असं लिहिलं. "अहो, पण हे सगळं नोंदवता कुठं?" तिनं विचारलं. काकांनी आपल्या कपाळावर टिचकी मारली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

एक बाण मात्र तिला छळत होता. खाट परत आली, की टेम्पोवाला येऊन काकांना सांगायचा. म्हणजे बाण आत गेला. पुढं? त्या घरी जाणारा काकांचा रोजचा फोन बंद व्हायला हवा, पण तसं काही बाहेर पडताना दिसेना. आपलंच काहीतरी विचारायचं राहिलं असेल, असं म्हणून तिनं खोडून पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

त्याच दुपारी तिच्यादेखत काकांनी फोन लावला. "आजोबा कसे आहेत? दूध घेतलं का?" पलीकडे एक बाई हुंदके देऊन रडू लागली. त्या घरची खाट काकांच्या पाठीमागेच उभी होती. सकाळी टेम्पोतून उतरली होती आणि काकांनी ती स्वतःच्या हातानं पुसली होती.

"ताई, हे पहिल्यांदा नाही," टेम्पोवाला तिला बाहेर बोलावून हळूच म्हणाला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

चित्र चुकलंच नव्हतं; बाबांच्या वर्तुळात गेलेलं आतल्या आतच हरवत होतं. तिनं बाबांना दाखवलं त्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्या शब्दांत.

तिनं नवं चित्र काढलं. सगळे बाण मशीनकडे वळवले. काकांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोक्यात त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

"माझ्याकडचे सगळे काढलेस."

"बाबा, आता आराम करा तुम्ही."

"आराम करणारी माणसं मी खूप पाहिलीत गं. आपल्याच खाटांवर." मग त्यांनी पेन्सिल घेतली, आपल्या वर्तुळातून एक वाकडातिकडा बाण बाहेर काढला आणि त्यावर लिहिलं, विचारपूस. "एवढा तरी राहू दे."

नेमका तोच ठेवण्याजोगा नव्हता. दुखावलेल्या घरांवर पुन्हा घाव कोण घालणार? पण तो खोडायला तिचा हात उचलेना.

शेवटी तिनं बाण ठेवला आणि त्याचं टोक वळवलं. काकांच्या फोनमधल्या प्रत्येक घराच्या नावाखाली तिनं आपलाच नंबर घातला. आता दुपार झाली की ती ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहते आणि कधी कुणाची सून होते, कधी कुणाची बहीण. पहिल्या दिवशी, बाबा आवाज ओळखतील म्हणून ती ओढणी तोंडाशी धरून बोलली. ओळखला नाही, तेव्हा ती जिन्यातच बसून रडली. तिच्या त्या घरांमधले आजोबा रोज थोडं जेवतात, आज्या कुशीवर वळतात. मरत कुणीच नाही.

परवा फोन आला. "कोण आजारी आहे म्हणालात घरी? हल्ली माझ्या ध्यानात राहत नाही."

सासूबाई, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. तोंडून निघालं, "माझे बाबा."

"असं होय. ओळखतात का तुम्हाला?"

"कधी कधी."

"मग जवळ बसत जा त्यांच्या. आणि खाटेची घाई करू नका हं. लागेल तितके दिवस असू द्या."

"बरं, काका," ती म्हणाली.